शंभर ग्रॅममागे

प्रथिनं वीस-एकवीस ग्रॅम.
बी-वन भरपूर, बकऱ्या-कोंबडीहून कितीतरी चढं.
जस्त आहे. बी-बारा आहे.
लोह म्हणावं तर आहे, म्हणावं तर नाही.
आणि सोडियम बाराशे मिलिग्रॅम,
म्हणजे सपाट अर्धा चमचा मीठ, मावशी,
तुमच्या दोन-तीन कापांत.

इथवर मी अडखळत नाही.
गुरुवारची ओपीडी, अजनीचा रेल्वे दवाखाना,
बंद कूलरवर फायलींचा ढीग,
समोर डल्सी रेबेरो, वय अठ्ठ्याहत्तर,
मालगाडीच्या गार्डची विधवा,
रक्तदाब एकशे ऐंशीवर शंभर.
हॅम कमी नाही, बंद, मी म्हणते.

ती म्हणते, बेटा,
या गावात थंडी मिळते किती? पंधरा-वीस दिवस.
तेवढ्यात अख्खी तंगडी मुरवायची असते.
मीठ, गूळ, लवंग, चिमटीभर सोरा,
आणि संत्र्याची साल. ती कुठल्या पुस्तकात नाही,
ती इथली.
वरून पाट्याचा दगड, पाण्याबाहेर काही राहू नये म्हणून.
कापलं की आतून कसं गुलाबी निघतं!

तो गुलाबी रंग सोऱ्याचा आहे, मी म्हणते.
तब्येतीचा नाही.
आतड्याच्या कॅन्सरचंही सांगते, हळू आवाजात,
पाहुण्यांच्या घरात उणं काढावं तसं.

ती चष्मा पुसते.
तू खाल्लंयस कधी, मिस खोब्रागडे?

पाचपावलीत, गच्चीवर, वैशाखात
लाडेकाकूंच्या कुरडया जुन्या पातळावर,
आणि कठड्याच्या या अंगाला सुतळीवर आमचं:
मीठ-हळद चोळलेल्या पट्ट्या,
चरबीचा थेंब थेंब तापल्या सिमेंटवर.
माय दोन्हीला एकच शब्द वापरायची,
वाळवण.
मी काठी घेऊन कावळे हाकलायची,
कुरडयांवरचेही.
लाडेकाकू म्हणायच्या, पोरी, तुह्या इकडचेच राख,
माह्याकडं येऊ नको.

पावसाळ्यात हाताला काम नसलं की
त्यातली एक पट्टी, चार वांगी,
सहा माणसं.
कोणी ग्रॅम मोजले नव्हते.
माय मोजायची ती फक्त पट्ट्या,
रात्री, कंदिलाशी, बोट लावून,
आखाडाला पुरतील का.

शाळेत डब्यात काय आहे विचारलं की सोयाबीन.
कॉलेजात चोवीस तासांचा आहार लिहा म्हटलं
तेव्हा लिहिलं, अंडी, क्वचित चिकन.
आमच्या छापील तक्त्यातही मटण आहे, मासळी आहे,
कलेजीसुद्धा आहे.
हे नाही. हे ‘इतर’मध्ये.
बारा वर्षं ‘इतर’वर खूण करत आलेय.

खाल्लंय, मी म्हणते.
वाळवलेलं.
आणि वाटतं, दाराबाहेरच्या बाकावरचे सगळे
एकदम गप्प झाले.
झाले नव्हते.
कोणाचं तरी पोर खोकत होतं, नंबर पुकारला जात होता.

खारट व्हायचं? ती विचारते.
फार.
मग भिजवायची ना तुझी आई?
रात्रभर, दोनदा पाणी बदलून.
हां, म्हणते ती,
माझ्या चुकीच्या उत्तरावर अखेर
बरोबरची खूण करावी तशी.

फुली मारलेला कागद मी फाडला. नवीन घेतला.
डुकराचं मांस, खारवलेलं.
वर्षातून एकदा, नाताळाला.
दोन काप, पातळ. आदल्या रात्री पाण्यात,
पाणी दोनदा बदलून.
गोळ्या चुकवायच्या नाहीत.
त्या दिवशी लोणचं, पापड काही नाही.
पहिल्या शब्दाचा डु जरा वाकडा आला.
सही केली.

सव्वीस तारखेला टेबलावर बटर पेपरची पुडी,
वर पेन्सिलीनं लिहिलेलं: भिजवलंय.
गाडीच्या डिकीत टाकून घरी नेली.
मायला आता दात नाहीत.
तिनं काप जिभेवर धरून ठेवला बराच वेळ,
डोळे मिटून, हिशेब लागत नसल्यासारखा.

मीठ कमी पडलं, म्हणाली.
अन् हे संत्र काऊन टाकलं?